अंतराळ दुर्बिणीच्या चित्रांतले रंग खरे असतात का?

हबल दुर्बिणीने टिपलेलं 'पिलर्स ऑफ क्रिएशन' हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणारच. धुळीचे तीन उंच खांब, मागे हिरवट-निळसर उजेड आणि खांबांच्या कडांना पिवळसर किनार. हे चित्र शाळांच्या भिंतींवर असतं, वह्यांच्या मुखपृष्ठांवर असतं, व्हॉट्सअॅपवर तर कायमच फिरत असतं. पण मूळ चित्र उघडून बघा. वरच्या उजव्या कोपऱ्यात पायऱ्या-पायऱ्यांचा एक काळा तुकडा दिसेल. छापताना बहुतेक जण तो कापून टाकतात. मला मात्र त्या चित्रातला तोच भाग सगळ्यात आवडतो, कारण चित्र कसं बनलं हे तिथे उघड दिसतं.

हबलच्या त्या वेळच्या कॅमेऱ्यात चार चिप होत्या. तीन एकसारख्या. चौथी जास्त बारकावे टिपणारी, पण त्यामुळे आकाशाचा लहानसाच तुकडा बघणारी. चारही तुकडे एका मापाला आणून जोडले, की चौथ्याचा चौकोन लहान पडतो आणि उरलेली जागा रिकामी राहते. तिथलं आकाश त्या दिवशी मोजलंच गेलं नव्हतं. आजूबाजूचा रंग पसरून ती जागा भरून काढणं सहज जमलं असतं. तसं केलं नाही. जिथे मोजमाप आहे तिथे चित्र, जिथे नाही तिथे काळं.

'हे रंग खरे का? की सगळं फोटोशॉप?' हा प्रश्न प्रत्येक नव्या चित्राखाली कुणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या काळ्या पायऱ्यांपाशीच सुरू होतं. ही चित्रं म्हणजे प्रकाशाची मोजमापं आहेत. रंग माणसांनी दिलेले आहेत, पण मनाला येतील तसे दिलेले नाहीत. कुठला रंग का दिला हे एकदा समजलं, की त्याच चित्रात दुप्पट गोष्टी दिसायला लागतात.

आधी दुर्बीण अंतराळात कशाला न्यायची ते थोडक्यात सांगतो. आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते, म्हणून तारे लुकलुकतात. कवितेला ते छान, पण बारीक तपशील त्यात पुसले जातात. शिवाय हवा काही प्रकारचा प्रकाश खाली येऊच देत नाही. अतिनील किरण वरच्या थरांत अडतात, अवरक्त किरणांचा मोठा भाग पाण्याची वाफ शोषून घेते, क्ष-किरण तर जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. दुर्बीण हवेच्या वर नेली पाहिजे, हे लायमन स्पिट्झर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४६ मध्ये, पहिला उपग्रह उडण्याच्या ११ वर्षं आधी मांडलं होतं. हबल प्रत्यक्षात गेली २४ एप्रिल १९९० रोजी, डिस्कव्हरी यानातून.

आणि पहिली चित्रं धूसर आली. २.४ मीटर व्यासाचा आरसा कडेला गरजेपेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. हे माप केसाच्या जाडीच्या साधारण पन्नासाव्या भागाएवढं. आरसा तपासायच्या उपकरणातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर सरकून बसलं होतं, त्यामुळे चुकीचा आकार अतिशय अचूकपणे घासला गेला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर तिथे गेले आणि त्यांनी दोष भरून काढणारी उपकरणं बसवली. त्यांतच तो चार चिपांचा नवा कॅमेरा होता. त्याच कॅमेऱ्याने १ एप्रिल १९९५ रोजी जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या खगोलशास्त्रज्ञांसाठी गरुड तेजोमेघातले, म्हणजे वायू आणि धुळीच्या प्रचंड ढगातले ते खांब टिपले. आपल्यापासून सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं दूर, आणि सगळ्यात उंच खांब सुमारे ४ प्रकाशवर्षं उंचीचा.

रंग येतात कुठून

दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला रंग कळत नाही. चिपच्या प्रत्येक चौकटीत किती प्रकाश पडला, एवढंच तो मोजतो. रंगाची माहिती हवी असेल, तर कॅमेऱ्यासमोर गाळणी म्हणजे फिल्टर धरायचा. हा फिल्टर ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडतो. फिल्टर बदलायचा, त्याच जागेचं पुन्हा चित्र घ्यायचं. हाती येतात ती सगळी काळी-पांढरी चित्रं.

खांबांसाठी तीन फिल्टर वापरले होते. एक सल्फरचा प्रकाश सोडणारा, साधारण ६७३ नॅनोमीटरचा. दुसरा हायड्रोजनचा, ६५६ चा. तिसरा ऑक्सिजनचा, सुमारे ५०१ चा. आता गंमत अशी, की पहिले दोन्ही आपल्या डोळ्याला लालच दिसतात. डोळ्याशी इमान राखून चित्र केलं असतं, तर सल्फर आणि हायड्रोजन एकमेकांत मिसळून सगळं लालसर झालं असतं आणि कुठला उजेड कशाचा हे ओळखता आलं नसतं. म्हणून क्रम लावला. सगळ्यात लांब तरंगलांबीच्या सल्फरला लाल, मधल्या हायड्रोजनला हिरवा, सगळ्यात आखूड ऑक्सिजनला निळा. इंद्रधनुष्यात जो क्रम असतो तोच इथे राखला, फक्त एकमेकांना चिकटलेले रंग लांब-लांब केले.

याचा उपयोग काय, ते चित्रावर बोट ठेवून सांगता येतं. इथला निळा प्रकाश ज्या ऑक्सिजनमधून येतो, त्याच्या अणूतले दोन इलेक्ट्रॉन उडालेले असतात. त्याला फार जोरदार अतिनील किरण लागतात. म्हणजे निळसर भागात जवळच्या तरुण, प्रचंड तापलेल्या ताऱ्यांचा मारा थेट पोचतोय. सल्फरचा एक इलेक्ट्रॉन उडवायला त्या मानाने कमी ऊर्जा पुरते, म्हणून तो खांबांच्या कडांना, दाट वायूच्या पृष्ठभागालगत उठून दिसतो. तिथे त्या किरणांमुळे वायू तापून हळूहळू उडून चाललाय. खांबांच्या टोकांवरून निघालेल्या बारीक वाफेसारख्या रेषा तोच उडणारा वायू आहे. म्हणजे खांब झिजतायत, आणि कुठल्या बाजूने झिजतायत हे रंगांवरूनच कळतं.

'मग तिथे प्रत्यक्ष गेलो तर काय दिसेल?' असंही बरेच जण विचारतात. फिकट राखाडी धुकं, फार तर. तेजोमेघाजवळ गेल्यावर तो मोठा दिसतो, पण त्याच्या प्रत्येक भागाचा उजेड तेवढाच राहतो. जवळून येणारा जास्तीचा प्रकाश तितक्याच जास्त जागेत पसरलेला असतो. विश्वास बसत नसेल तर हिवाळ्यात मृग नक्षत्र बघा. तीन ताऱ्यांच्या बाणाच्या थोडं दक्षिणेला, गावाबाहेरच्या अंधाऱ्या आकाशात साध्या द्विनेत्रीतूनही एक धूसर डाग दिसतो. तो मृगातला मोठा तेजोमेघ. चित्रांत तो गुलाबी-जांभळा असतो, डोळ्याला राखाडी. मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, एवढंच त्याचं कारण. तिथला हायड्रोजन खरोखरच लाल प्रकाश सोडत असतो. कमी पडतो तो आपला डोळा.

म्हणून 'खोटे रंग' हा शब्द मला पटत नाही. खोट्यात फसवणूक असते. इथे प्रत्येक चित्राबरोबर कुठला फिल्टर कुठल्या रंगाला दिला याची यादी जाहीर केलेली असते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. खोली या चित्रांत मोजलेली नसते. सिंहगडावरून रात्री खाली बघितलं, की खडकवासल्याकडचा एक दिवा आणि पार पलीकडच्या टेकडीवरचा दुसरा दिवा अगदी शेजारी-शेजारी दिसतात. आकाशातही तसंच होतं. 'स्टीफन्स क्विंटेट' या प्रसिद्ध चित्रात पाच दीर्घिका एकत्र नाचत असल्यासारख्या दिसतात. त्यांतल्या चार सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षांवर आहेत आणि एकमेकींना खरोखरच ओढतायत. पाचवी फक्त ४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिचा त्या भांडणाशी काही संबंध नाही, ती मधेच आलेली आहे.

थंडीत बसलेली दुर्बीण

जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन ५ रॉकेटवर निघाली. नासा, युरोपची आणि कॅनडाची अंतराळसंस्था अशा तिघांचं हे काम. हबलपेक्षा ती मोठी आहे, म्हणून ती भारी, असं साधारण समजलं जातं. आकाराचा फायदा आहेच. तिचा आरसा ६.५ मीटरचा, बेरिलियमच्या १८ षटकोनी तुकड्यांचा आणि वर सोन्याचा मुलामा. हा मुलामा इतका पातळ, की सगळं मिळून सोनं जेमतेम ४८ ग्रॅम भरतं. सोनं कशासाठी? ते अवरक्त प्रकाश उत्तम परावर्तित करतं. हबल आणि वेब यांच्यातला खरा फरक हाच. वेब मुख्यतः अवरक्त प्रकाशात बघते.

अवरक्त म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश. उबदार वस्तू तो सतत सोडत असतात. तुम्ही, मी, भिंत, चहाचा कप, सगळेच. दुर्बीण स्वतःच उबदार असेल, तर तिच्याच उजेडाने तिचे डोळे दिपतील. म्हणून वेबला पृथ्वीभोवती फिरवलं नाही. सूर्याच्या उलट दिशेला, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर एक जागा आहे. तिथून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र तिन्ही एकाच बाजूला राहतात. त्या बाजूला टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्री उघडली आहे. छत्रीच्या उन्हाकडच्या बाजूला सुमारे ८५ अंश सेल्सिअस, सावलीच्या बाजूला उणे २३३ च्या आसपास. मधे फक्त पाच पातळ पदर. एक उपकरण तर याहूनही थंड लागतं. त्यासाठी स्वतंत्र शीतयंत्र आहे, आणि ते त्याला निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्यात कमी तापमानाच्या, वर ७ अंशांच्याही खाली ठेवतं.

ही सगळी छत्री, हा सगळा आरसा घड्या घालून रॉकेटच्या टोकात बसवला होता आणि वाटेत उलगडला. एकट्याने बिघडली तरी सगळी मोहीम बुडेल, अशा ३४४ जागा त्यात होत्या. इतक्या लांब जाऊन दुरुस्ती करणं शक्य नव्हतं. एकही जागा दगावली नाही. लोक चित्रांचं कौतुक करतात, करावंच. पण जानेवारी २०२२ चे ते पहिले काही दिवस, कुलपं सुटत होती, तारा ताणल्या जात होत्या, माझ्या मते त्यांचं मोल चित्रांपेक्षा तसूभरही कमी नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये वेबने तेच जुने खांब टिपले. लालच्या जवळच्या अवरक्त प्रकाशात धूळ बरीचशी पारदर्शक होते. हबलच्या चित्रात घट्ट, अपारदर्शक दिसणारे खांब इथे विरळ झालेत आणि मागचे असंख्य तारे दिसू लागलेत. खांबांच्या कडांना लालभडक, लाव्ह्यासारखे पट्टे आहेत. नुकते जन्मलेले तारे वायूचे फवारे सोडतात, ते आजूबाजूच्या ढगावर आदळतात आणि हायड्रोजनचे रेणू चमकायला लागतात. तेच हे लाल पट्टे. तिथले काही तारे जेमतेम काही लाख वर्षांचे आहेत. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे, त्या मानाने ही पाळण्यातली बाळं.

मग वेबनेच आणखी लांब तरंगलांबीत तिसरं चित्र घेतलं, आणि तिथे तारे जवळजवळ नाहीसे! उरली फक्त धूळ, करडी, जाड, भुतासारखी. कारण त्या प्रकाशात स्वतः धूळच चमकते आणि बहुतेक तारे फिके पडतात. तिन्ही चित्रं एकमेकांशेजारी ठेवून बघा. यांतलं खरं कुठलं, असं विचारायचं कारणच उरत नाही. एकात वायू कुठे तापलाय ते कळतं, दुसऱ्यात तारे कुठे जन्मतायत ते, तिसऱ्यात पुढच्या ताऱ्यांसाठी किती माल शिल्लक आहे ते.

काळ्या पडद्यावरून चित्रापर्यंत

वेबचं मूळ चित्र पहिल्यांदा उघडलं, तर ते जवळजवळ पूर्ण काळं दिसतं. चार-दोन पांढरे ठिपके, बाकी अंधार. चित्र बिघडलेलं नसतं. कॅमेरा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ६५ हजारांहून जास्त छटा मोजतो, आणि तेजोमेघाची सगळी माहिती त्यांतल्या सगळ्यात खालच्या, अंधाऱ्या थोड्या छटांमध्ये दाटलेली असते. नेहमीचा पडदा प्रत्येक रंगाच्या २५६ छटा दाखवतो. म्हणून अंधाऱ्या छटा ताणून वर आणाव्या लागतात, तेजस्वी छटा दाबाव्या लागतात. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये जो डिपास्क्वाले आणि अलिसा पेगन यांनी वेबच्या गाजलेल्या चित्रांवर हे काम केलं आहे. किती ताणायचं यात त्यांची नजर असते, चव असते. हे मान्य करायला हवं. पण ज्या जागी प्रकाश आला नाही, तिथे ते तारा रंगवत नाहीत.

साफसफाईही बरीच असते. अंतराळातून येणारे वैश्विक किरण चिपवर आपटतात आणि पांढरे ओरखडे उमटतात. म्हणून एकाच जागेची बरीच चित्रं दुर्बीण किंचित हलवून घेतात. ओरखडा एकाच चित्रात असतो, तारा सगळ्यांत असतो, त्यावरून खरं-खोटं वेगळं काढता येतं. अतितेजस्वी ताऱ्यांची तर उलटीच तऱ्हा. त्यांच्या मधोमध चिप इतकी भरून वाहते, की तिथली नोंदच निरुपयोगी ठरते आणि मूळ चित्रात ताऱ्याच्या पोटात काळं भोक दिसतं. ते मात्र भरून काढतात.

ताऱ्यांभोवतीचे ते अणकुचीदार किरण? ते दुर्बिणीचे आहेत, ताऱ्याचे नाहीत. प्रकाश आरशाच्या कडांवरून आणि समोरच्या दांड्यांवरून जाताना वाकतो, त्यातून ते उमटतात. हबलच्या चित्रात ताऱ्याला चार टोकं असतात. वेबच्या चित्रात सहा ठळक आणि आडवी दोन बारीक, म्हणजे आठ. पुढच्या वेळी कुणी 'वेबचं नवं चित्र' म्हणून काही पाठवलं, तर आधी टोकं मोजा. निम्मी खोटी चित्रं तिथेच पकडली जातात.

रिकाम्या जागेकडे बघण्याचं धाडस

१९९५ च्या डिसेंबरात हबलचं काम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी एक विलक्षण निर्णय घेतला. संचालकाच्या वाट्याला दुर्बिणीचा थोडा वेळ स्वतःच्या अधिकारात वापरायला असतो. तो त्यांनी सप्तर्षींजवळच्या आकाशाच्या एका तुकड्यासाठी दिला, आणि त्या तुकड्यात जवळपास काहीच नव्हतं. तुकडा केवढा? पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढा रुंद. सलग १० दिवस, ३४२ चित्रं. जगभरचे शास्त्रज्ञ ज्या दुर्बिणीच्या एकेका तासासाठी अर्ज करतात, ती १० दिवस काळोखाकडे रोखून ठेवायची आणि काही दिसलं नाही तर? काही जाणकारांनी त्यांना तसं सुनावलंही होतं.

त्या काळोखात सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या. ३,००० तारे नव्हेत, दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारख्या, प्रत्येकीत अब्जावधी तारे असणाऱ्या वस्त्या. पुढे २००३-०४ मध्ये दक्षिण आकाशातल्या दुसऱ्या तुकड्याकडे आणखी जास्त वेळ बघितलं, तेव्हा सुमारे १०,००० सापडल्या.

मला विचाराल, तर गेल्या ५० वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं खगोलचित्र तेच. दिसायला ते खांबांइतकं देखणं नाही. काळ्यावर रंगीत ठिपके, एवढंच. पण लांबचा प्रकाश म्हणजे जुना प्रकाश, त्यामुळे त्या एका चौकोनात विश्वाची बालपणापासूनची वेगवेगळी वयं एकाच वेळी दिसतात. विल्यम्स यांनी ती सगळी माहिती तत्काळ सर्वांना खुली केली, आणि पुढच्या मोठ्या पाहण्यांना तोच शिरस्ता पडला. त्याचा फायदा पुण्याला कसा झाला ते पुढे येतंच आहे.

सगळ्यात लांबची दीर्घिका ओळखतात कशी

विश्व प्रसरण पावतंय. प्रकाश वाटेत असताना अवकाश ताणलं जातं आणि त्याबरोबर प्रकाशाची तरंगलांबीही. याला रेडशिफ्ट म्हणतात. हायड्रोजनची एक ठळक खूण मूळची १२१.६ नॅनोमीटरवर, म्हणजे अतिनील भागात असते. सुरुवातीच्या विश्वात हायड्रोजन वायू इतका भरलेला होता, की या खुणेपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश तो गिळून टाकत असे. म्हणून लांबची दीर्घिका एका मर्यादेच्या आतल्या सगळ्या फिल्टरांत गायब असते आणि पुढच्या फिल्टरांत अचानक उगवते. कुठे उगवली, त्यावरून अंतराचा अंदाज येतो.

गणित सोपं आहे. मॉम-झेड-१४ ही सध्या माहीत असलेल्या सगळ्यात लांबच्या दीर्घिकांपैकी एक. २०२५ मध्ये ती जाहीर झाली. तिचं रेडशिफ्ट १४.४४. त्यात १ मिळवायचा आणि १२१.६ ने गुणायचं. उत्तर येतं सुमारे १,८८० नॅनोमीटर, म्हणजे १.८८ मायक्रॉन. हबलची नजर १.७ मायक्रॉनपाशी संपते. म्हणजे ही दीर्घिका हबलच्या कुठल्याही फिल्टरात दिसूच शकली नसती, कितीही दिवस बघत बसलो असतो तरी. वेब का हवी होती, याचं याहून थेट उत्तर नाही. या दीर्घिकेचा जो प्रकाश आज येतोय तो निघाला तेव्हा महास्फोटाला जेमतेम २८ कोटी वर्षं झाली होती. विश्वाचं आजचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं.

(बातम्यांत 'दीर्घिका १,३५० कोटी प्रकाशवर्षांवर' असं छापून येतं. तो प्रकाशाच्या प्रवासाचा काळ आहे. तो प्रकाश प्रवासात असताना विश्व ताणलं गेल्यामुळे ती आज प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त दूर आहे.)

फिल्टरांवरून बांधलेला अंदाज फसूही शकतो. २०२२ मध्ये अशाच एका दीर्घिकेचं रेडशिफ्ट १६ च्या आसपास असेल असं वाटलं होतं. नंतर तिचा वर्णपट घेतला, म्हणजे तिचा प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून मोजला, तर ते ४.९ निघालं. धूळ आणि चमकणारा वायू यांनी मिळून लांबच्या दीर्घिकेचं सोंग आणलं होतं. म्हणून आता वर्णपट मिळेपर्यंत विक्रम मान्य करत नाहीत.

वर्णपट घ्यायची वेबची सोय बघण्यासारखी आहे. तिच्या एका उपकरणात सुमारे अडीच लाख सूक्ष्म झडपा आहेत, प्रत्येक साधारण ०.१ बाय ०.२ मिलिमीटरची. ज्या दीर्घिका हव्या, तेवढ्यांसमोरच्याच झडपा उघडायच्या, बाकी बंद. प्रत्येक उघड्या झडपेतून आलेला प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवला जातो आणि एका वेळी शंभरच्या आसपास दीर्घिकांचा जमाखर्च हातात येतो. असाच वर्णपट घेऊन जुलै २०२२ मध्ये आपल्याच आकाशगंगेतल्या परक्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर पाण्याची वाफ नोंदली गेली, आणि पुढच्याच महिन्यात सुमारे ७०० प्रकाशवर्षांवरच्या वॅस्प-३९ बी या ग्रहाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड स्पष्टपणे सापडला. ४.३ मायक्रॉनपाशी आलेखात एक उंचवटा, बस. तो आलेख कुणी घराच्या भिंतीवर लावणार नाही. पण सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहावर हा वायू इतका निर्विवाद कधीच दिसला नव्हता.

पुण्यातून सापडलेली अलकनंदा

या दुर्बिणी परदेशी, मग आपण नुसते प्रेक्षक का? तसं नाही. भारताची ॲस्ट्रोसॅट ही अंतराळ वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून गेली. तिची अतिनील दुर्बीण फक्त ३८ सेंटिमीटरच्या आसपास आरशाची. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतले कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हबलने तपासलेल्या दक्षिण आकाशातल्या त्याच तुकड्याकडे २८ तासांहून जास्त वेळ रोखली आणि ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून निसटलेले तीव्र अतिनील किरण पकडले. २०२० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. कितीतरी मोठ्या हबलला जे जमलं नाही ते या छोट्या दुर्बिणीला जमलं, कारण तिच्या कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंधळ, म्हणजे प्रकाश नसतानाही उमटणारी नोंद, फार कमी आहे. असे किरण महत्त्वाचे का? विश्वाच्या बालपणी सगळीकडे पसरलेलं हायड्रोजनचं धुकं अशाच किरणांनी फाडलं.

दुसरी गोष्ट अगदी ताजी. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण चालवणारी एनसीआरए ही संस्था पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आहे. तिथल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना वेबच्या खुल्या माहितीत एक दीर्घिका सापडली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती जगासमोर आली. नाव ठेवलं अलकनंदा. गंगेच्या उगमाकडच्या अलकनंदा आणि मंदाकिनी या दोघी, आणि मंदाकिनी हे आपल्या आकाशगंगेचंही नाव. आकाशगंगेच्या लांबच्या बहिणीला याहून चांगलं नाव सुचलं नसतं.

अलकनंदा दिसते ती एबेल २७४४ या दीर्घिकांच्या समूहामागे. त्या समूहाचं वस्तुमान एवढं, की मागून येणारा प्रकाश वाकतो आणि समूह आपोआप भिंगाचं काम करतो. त्यामुळे अलकनंदा मूळच्या सुमारे दुप्पट तेजस्वी दिसते. शिवाय या भागाची चित्रं तब्बल २१ फिल्टरांतून घेतलेली होती, म्हणून तिचं अंतर, धूळ, ताऱ्यांचं वय हे सगळं बरंच नेमकं काढता आलं. सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं रुंदी, सुमारे १,००० कोटी सूर्यांइतकं ताऱ्यांचं वस्तुमान, आणि दोन सुबक, समतोल सर्पिल भुजा.

खळबळ झाली ती या भुजांमुळे. आपल्याला ती दिसते तेव्हाचं विश्व फक्त सुमारे १५० कोटी वर्षांचं आहे. त्या वयाच्या दीर्घिका धसमुसळ्या, गोळ्या-गोळ्यांच्या, आतून खवळलेल्या असाव्यात असा समज होता. भुजा उमटायला आधी वायू पसरून शांत, सपाट चकती बनावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. अलकनंदेला तो वेळ कधी मिळाला? थंड वायू सतत येत राहून चकती लवकर बसली असेल आणि तिच्यात घनतेच्या लाटा उठल्या असतील. किंवा एखादी छोटी दीर्घिका जवळून गेली असेल आणि तिच्या ओढीने भुजा निघाल्या असतील. दोन्ही शक्यता सध्या खुल्या आहेत.

चित्रावरून याचा निकाल लागत नाही. त्यासाठी चकतीच्या दोन्ही बाजूंचे वर्णपट घेऊन कुठली बाजू आपल्याकडे येतेय, कुठली दूर जातेय आणि आतला वायू किती खवळलेला आहे हे मोजावं लागेल. वेबच्या त्या झडपांच्या उपकरणाने किंवा चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणीने ते करता येतं. चकती शांतपणे, एका लयीत फिरताना आढळली, तर दीर्घिका घडायला किती काळ लागतो याचे आजवरचे हिशोब मागे सरकवावे लागतील.